दोन भावांची गोष्ट आणि दोन जावांचं म्हणणं

मी इंग्रजी शिकवते. बोरीच्या पुढे डांबरी रस्ता सोडून थोडं आत गेलं की एक खेडं लागतं, तिथल्या माध्यमिक शाळेत नववी-दहावीचे वर्ग माझ्याकडे आहेत. राहते परभणीला. सकाळी जिंतूरकडे जाणारी एसटी पकडायची, बोरीला उतरायचं आणि पुढं जो ऑटो भरत असेल त्यात बसायचं. बसमधला तो वेळ माझा एकटीचा. घर मागं राहिलेलं असतं आणि शाळा अजून यायची असते. त्या वेळात कानात इअरफोन घालून पॉडकास्ट ऐकायची मला सवय लागली होती. कुठल्या तरी लांबच्या शहरातली दोघं-तिघं बसून एखाद्या कथेवर इंग्रजीत गप्पा मारत असायची. मला त्यांच्या मतांपेक्षा त्यांचं अडखळणं आवडायचं. एखादा वाक्य अर्ध्यावर सोडायचा, मला तसं म्हणायचं नाही म्हणत परत पहिल्यापासून सुरू करायचा, आणि दुसरा मध्येच हसायचा.

एके दिवशी वाटेतलं झरी गाव मागं पडलं तेव्हा माझ्या मनात आलं, की माझ्या वर्गातल्या लेकरांनी कुणाला इंग्रजीत विचार करताना कधी ऐकलेलंच नाही. त्यांनी इंग्रजी ऐकलंय ते वाचलेलं. मी वाचते, ते माझ्यामागून म्हणतात. 'थीम' काय आहे असं विचारलं की गाईडमधलं वाक्य सगळा वर्ग एका सुरात म्हणतो आणि पुढचा प्रश्न कोणता, याची वाट बघत बसतो.

त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मी स्वतः राणीसावरगावला शिकले. तिथं आम्ही आईवरचा इंग्रजी निबंध पाठ केला होता. त्यातली आई उंच, गोरी आणि सकाळी चहा घेत पेपर वाचणारी होती. माझी आई तेव्हा कापूस वेचायला जायची. त्या निबंधात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. इंग्रजीतली आई निराळीच असते, असं मी धरून चालले होते.

दिवाळीनंतर नववीला एक गोष्ट होती. डोंगरातल्या गावात दोन भाऊ राहतात. एका घराचे दोन भाग करून राहतात आणि काही कारणानं एकमेकांशी बोलणं सोडतात. हिवाळ्यात बर्फ पडतो, थोरला आजारी पडतो, आणि रोज सकाळी त्याच्या दारात फोडलेल्या लाकडांची मोळी दिसायला लागते. कुणी ठेवली ते कळत नाही. शेवटी लाकडावरचे कुऱ्हाडीचे घाव बघून तो ओळखतो, की हा हात धाकट्याचा. गोष्ट तिथंच संपते. गाईडमध्ये लिहिलं होतं, की या कथेची थीम क्षमा आहे. आमच्या वर्गानंही लिहून घेतलं, क्षमा. एका मुलानं तेवढं विचारलं, "मॅडम, बर्फात लाकूड वाळतं का?" त्यापलीकडे ती गोष्ट कुणाच्या मनाला भिडली नाही.

म्हणून मी ठरवलं, की या पाठाचं उत्तर लिहून घ्यायचंच नाही. दोघा-दोघांनी बसायचं, माझ्या मोबाईलवर बोलायचं आणि त्या बोलण्याचं पॉडकास्ट करायचं. विषय एकच. न बोलता लाकडं ठेवणं ही क्षमा आहे का? एकानं हो म्हणायचं, दुसऱ्यानं नाही. अडलं तर थांबायचं, शब्द सुचला नाही तर मराठीत म्हणायचं आणि पुढं जायचं. आधी लिहून आणलेलं चालणार नाही.

मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं आणि यात इंग्रजी किती होईल, असं विचारलं. मी म्हणाले, जेवढं त्यांच्याजवळ असेल तेवढं. त्यांनी खेळाच्या सामानाची खोली उघडून दिली. तिथं कबड्डीच्या जुन्या मॅट रचून ठेवलेल्या असल्यामुळे आवाज घुमत नव्हता. उसाचे ट्रॅक्टर शाळेसमोरून जायचे तेवढ्यापुरतं थांबावं लागायचं. वर पत्र्यावर कबुतरं असायची, त्यांचा काही इलाज नव्हता.

जोड्या मी चिठ्ठ्या टाकून लावल्या. आपल्याच मैत्रिणीशी कुणी वाद घालत नाही, एवढाच माझा हिशेब होता. शेवटच्या दोन चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. मला काही कळलं नाही. तास संपल्यावर एक मुलगी माझ्यामागं ऑफिसपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, त्या दोघी बोलत न्हाईत."

त्या दोघी सख्ख्या चुलत बहिणी होत्या. गावात त्यांच्या घरांना थोरलं घर आणि धाकटं घर म्हणायचे. वडील दोघं शेत एकत्र करायचे आणि कामापुरतं बोलायचेही. बिनसलं होतं ते जावांचं. धाकट्या जावेनं आपल्या भाच्याचं स्थळ थोरल्या घरच्या मोठ्या मुलीसाठी सुचवलं होतं. थोरल्या जावेला मुलगी तिथं द्यायची नव्हती. तिनं ते समोर न सांगता कुणा नातेवाइकाकडून कळवलं, आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या लग्नाच्या भर मांडवात, चार बायकांसमोर धाकट्या जावेच्या कानावर आलं. पुढं त्या मुलीचं लग्न दुसरीकडे झालं, नांदायला गेली, सगळं नीट झालं. पण दोन्ही घरांमध्ये जे एक अंगण होतं त्यात पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, कूड उभा राहिला. या दोघी तेव्हा सातवीत होत्या. त्यांना कुणी बोलू नका असं सांगितलं नव्हतं. त्यांचं आपोआप बंद झालं.

मी दोघींना बोलावून जोडी बदलू का, असं विचारलं. धाकट्या घरची मुलगी चपळ, बोलताना हात हलवणारी. ती माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिली. थोरल्या घरची शांत, अक्षर सुरेख, वर्गात विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. उत्तर तिनंच दिलं.

"असू द्या मॅडम. आमी करतो."

पहिले दोन दिवस त्या खोलीत गेल्या आणि काही न करता परत आल्या. रेकॉर्डिंगमध्ये नुसता मोबाईल सरकवल्याचा आवाज. तिसऱ्या वेळी त्यांनी गोष्टीतल्या भावांची ओळख करून दिली, एकीनं थोरल्याची, दुसरीनं धाकट्याची, कविता म्हणावी तशी. त्यानंतर मात्र त्या आत गेल्या त्या तास संपून गेला तरी बाहेर आल्या नाहीत. मी दाराशी जाऊन उभी राहिले. आतून आवाज येत होता, म्हणून न ठोठावता परत फिरले.

ते रेकॉर्डिंग मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये ऐकलं. धाकट्या घरची म्हणत होती, की ही क्षमा नव्हे. लाकूड जळतं आणि राख होते, बोललेलं राहतं, तो दार वाजवून का बोलला नाही, तो भित्रा आहे. भित्रा हा शब्द इंग्रजीत तिला सापडत नव्हता. तिनं तीन-चार शब्द चाचपून पाहिले आणि शेवटी 'ही हॅज फिअर' म्हणून सुटका करून घेतली. थोरल्या घरची तिला थांबवून म्हणाली, की काही माणसांना बोलता येत नाही, ती करून दाखवतात. धाकट्या घरचीनं उदाहरण मागितलं. मीच वर्गात सांगितलं होतं, की प्रत्येक मताला उदाहरण हवं.

मग ती सांगायला लागली. तिच्या आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा आई-वडील परभणीला दवाखान्यात होते आणि घरात ती आणि तिचा लहान भाऊ असे दोघंच होते. पहिल्या सकाळी ती उठली तर दारातलं अंगण झाडून सडा टाकलेला होता. दुसऱ्या सकाळी तसंच. तेव्हा ती मुद्दाम अंधारात उठून खिडकीशी बसली. तिला काकू दिसली. कुडाच्या कडेनं आली, वाकून झाडलं, सडा टाकला, परत गेली. आई घरी येईपर्यंत हे रोज चाललं. मुलीनं ते आईला सांगितलं नाही. सांगितलं तर काकू येणं बंद करील असं तिला वाटलं, आणि आई आल्यावर काकूनं ते तसंही बंद केलं. त्यामुळे सांगायचं राहून गेलं.

हे सगळं ती इंग्रजीत सांगत होती. तोडकंमोडकं, क्रियापदं इकडची तिकडं झालेली. पण मध्ये मध्ये तीन शब्द ती मराठीतच म्हणत होती. काकू, अंगण आणि सडा. पुढं मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, की 'आंट' म्हटलं की ती बाई कुणी परकीच वाटते, आणि सड्याला तर शब्दच नाही.

तिचं सांगून झाल्यावर रेकॉर्डिंगमध्ये नुसती पत्र्यावरची कबुतरं ऐकू येतात. मग धाकट्या घरचीचा आवाज येतो, एकदम बारीक, "यू नेव्हर टोल्ड मी." तू मला कधी सांगितलं नाहीस. थोरली म्हणते, "वी वेअर नॉट टॉकिंग."

बोरी आली तरी मी बसमध्येच बसून होते. कंडक्टरनं हाक मारली तेव्हा उतरले.

त्या दिवशी मी दोघींना विचारलं, हे वर्गापुढं लावायचं का, की तेवढा भाग काढून टाकू. काढता येतो, मी शिकले होते. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकमेकींकडे बघताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. थोरली म्हणाली, ठेवा. वर्गानं ऐकलं. वर्गातल्या पोरांना दोन्ही घरं ठाऊक होती, तरी कुणी हसलं नाही. त्यानंतरच्या जोड्यांचे एपिसोड मात्र बदलले. कुणी मामाबद्दल बोललं, कुणी ऊसतोडीला गेलेल्या वडिलांशी फोनवर झालेल्या भांडणाबद्दल. एका मुलानं तर धाकट्या भावाच्या वतीनं बोलताना लाकडं फोडून फोडून त्याचे हात किती दुखले असतील, तेच सांगितलं. गोष्टीत त्याबद्दल एक ओळ नाही. क्षमा हा शब्द कुणी वापरलाच नाही म्हटलं तरी चालेल.

जानेवारीत माता-पालक सभा होती. मुख्याध्यापकांना पॉडकास्टचं कौतुक वाटायला लागलं होतं, त्यांनी सभेत दोन-तीन लावू असं सुचवलं. कोणते लावायचे ते वर्गानं ठरवलं आणि त्यात या दोघींचा आला. मी दोघींना बाजूला घेऊन म्हटलं, तुमच्या आया येणार आहेत, विचार करा. धाकट्या घरची म्हणाली, "आमच्या घरी कुणाला इंग्रजी येतंय मॅडम?" थोरलीनंही मान हलवली. त्यांना आपल्या आयांनी आपलं इंग्रजी ऐकावं एवढंच हवं होतं. मलाही ते पटलं.

सभा पटांगणात होती, कडुनिंबाच्या सावलीत. बायका सतरंजीवर बसल्या होत्या. थोरल्या जाऊबाई पुढच्या रांगेत एका टोकाला, धाकट्या जाऊबाई मागं दुसऱ्या टोकाला. स्पीकर परेडच्या वेळी वापरतो तोच, मोठा. मुलींचे आवाज सुरू झाले तशा बायका एकमेकींना कोपरानं ढोसत हसायला लागल्या. पोरी इंग्रजी बोलायल्यात याचंच त्यांना अप्रूप. थोरल्या जाऊबाई पदर तोंडाला लावून कौतुकानं ऐकत होत्या.

मग त्या न कळणाऱ्या इंग्रजीतून 'काकू' बाहेर आली. मग 'अंगण'. मग परत 'काकू', आणि 'सडा'.

मी थोरल्या जाऊबाईंकडे बघत होते. त्यांनी पदर खाली केला. त्यांना एवढे तीन शब्द पुरले. दवाखान्यातून परत आल्यावर अंगण स्वच्छ कसं, असं त्यांनी तेव्हा लेकीला विचारलं होतं म्हणे, आणि मी झाडलं असं लेक म्हणाली होती. त्या हळूहळू मागं वळल्या आणि दोन वर्षांत कदाचित पहिल्यांदाच त्यांनी धाकट्या जावेकडे सरळ पाहिलं.

धाकट्या जाऊबाईंनाही कळलं होतं. त्या उभ्या राहिल्या. कुणाकडेही न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "तिच्या दारातलं शेण वाहून माझ्या दारात यायलं होतं, म्हणून झाडलं." आणि चपला घालून फाटकाबाहेर गेल्या.

स्पीकर चालूच होता. मी तो बंद केला. मुख्याध्यापकांनी प्रसंग ओळखून लगेच पोषण आहारावर बोलायला सुरुवात केली. थोरल्या जाऊबाई सभा संपेपर्यंत बसून राहिल्या. जाताना लेकीजवळ थांबून त्यांनी फक्त विचारलं, "रोज?" लेकीनं मान हलवली. मग त्या घराकडे निघाल्या.

त्यानंतर धाकट्या घरची मुलगी शाळेत आली नाही. एक दिवस, दुसरा दिवस, तिसरा. थोरलीला विचारलं तर तिला काही माहीत नव्हतं, कुडाच्या पलीकडून रडण्याचा आवाज आला नाही एवढंच ती सांगू शकत होती. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. घरातलं कुणाचं काय बाहेर यावं हे ठरवणारी मी कोण, असं दोन दिवस मनात घोळत होतं. गोष्टीवर बोला म्हणून सांगितलं की लेकरं आपल्याच घरावर बोलणार, हे मला कळायला हवं होतं की नको? आणि कळलं असतं तर मी त्यांना गाईडकडेच परत पाठवलं असतं का?

धाकट्या जाऊबाई ओसरीवर सुपात तूर घेऊन निवडत बसल्या होत्या. मुलगी शेजारी होती. ती आजारी वगैरे काही नव्हती. तिलाच शाळेत यायची लाज वाटत होती. त्यांनी मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, आणि मग सुपावरची नजर न काढता म्हणाल्या, "मॅडम, माझं झाडणं तुमी शाळेत कशामुळं वाजवलं?"

मी म्हणाले, चुकलं असेल तर ते काढून टाकते, कुठंच राहणार नाही.

"आता काढून काय उपेग? सगळ्या गावानं ऐकलं." त्यांनी सूप दोनदा पाखडलं. "मी कुणाला कळावं म्हणून केलं न्हवतं. आता लोक म्हणायलेत, मनातून लय गोड हाय म्हणून. मी गोड-बीड न्हाई. ती दवाखान्यात होती, दारात केर दिसायला होता, झाडला. त्याला काय गोष्टीत घालायचं?"

 मग त्यांनीच विचारलं, की ती गोष्ट तरी काय आहे. मुलीनं सांगायला सुरुवात केली. मराठीत, सगळी. तिनं बर्फ सांगितला, मोळी सांगितली, कुऱ्हाडीचे घाव सांगितले. वर्गात कधी रंगली नव्हती तेवढी ती गोष्ट त्या ओसरीवर रंगली. धाकट्या जाऊबाईंचा हात मध्येच थांबायचा, परत चालायचा. गोष्ट संपली तेव्हा त्या म्हणाल्या, "मग पुढं?"

"पुढं काही नाही," मी म्हणाले. "एवढीच आहे."

"म्हणजे रोज लाकडं यायलीत, ते हा माणूस जाळायलाय, आणि कोण हाय म्हणून एकदाबी दार उघडून बघंना?" त्यांचा आवाज चढला. "थोरला हाय न्हवं? मग त्यानं नको का विचारायला?"

मुलगी म्हणाली, तो आजारी होता.

"तोंड आजारी न्हवतं त्याचं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या त्या मोबाईलमध्ये माझंबी घ्या. घ्यायचं तर दोन्हीकडचं घ्यावं."

मी मोबाईल पुढं धरला. त्या सुरुवातीला लाजल्या, मग बोलल्या. गोष्टीतल्या भावांबद्दलच बोलल्या, स्वतःचं एक अक्षर काढलं नाही. धाकट्यानं आपणहून किती दिवस वाकायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली.

ते मी वर्गात लावलं नाही. मी थोरल्या घरच्या मुलीला विचारलं, हे तुझ्या आईला ऐकवशील का? काकूची हरकत नाही, तिला विचारलंय. मुलीनं घरी नेऊन वडिलांच्या मोबाईलवर ऐकवलं, आणि दोन दिवसांनी थोरल्या जाऊबाईंचं उत्तर घेऊन आली. त्यांनीही गोष्टीतलंच धरलं होतं. "त्यानं दार उघडलं असतं तर धाकटा पळून गेला असता," त्यात त्या म्हणत होत्या. "पळाला असता आणि दुसऱ्या दिवशी लाकडं आली नसती. मग थोरल्यानं काय करायचं होतं? त्याला वाटलं असंल, येऊ द्यावीत. तेवढं तरी चालू राहील." त्यानंतर जरा थांबून, "पण बरं झाल्यावर जायला पाहिजे होतं. ते चुकलं त्याचं."

मी हे ऑफिसात ऐकलं आणि परत एकदा पहिल्यापासून लावलं. तो पाठ मी कितीतरी वेळा शिकवला असेन. थोरला बरा झाल्यावर काय करतो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. लेखक थांबला म्हणून मीही थांबले होते.

असं ते फेब्रुवारीभर चाललं. कुडाच्या एका बाजूची बाई गोष्टीतल्या थोरल्यावर राग काढायची, दुसऱ्या बाजूची त्याची बाजू मांडायची, आणि मध्ये दोन मुली निरोप्यासारख्या ये-जा करायच्या. कधी कधी भांडण पेटायचं. एकदा धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, की लग्नाच्या मांडवात चार माणसांसमोर अपमान झाला तर माणूस लाकडं काय, पाणीसुद्धा देणार नाही. मुलगी म्हणाली, माय, गोष्टीत मांडव नाही. तर त्या म्हणाल्या, असंल, तुमच्या पुस्तकात लिहिलं नसंल.

मुख्याध्यापकांनी परत विचारलं, की यात इंग्रजी किती. या वेळी प्रश्न रास्त होता, कारण सगळं मराठीत चाललं होतं. म्हणून मी दोघींना सांगितलं, आयांचं म्हणणं इंग्रजीत करा. त्यांना वाटलं तेवढं ते सोपं नव्हतं. 'दार उघडलं असतं तर पळाला असता' इथंच गाडी अडली. घडलं नाही, पण घडलं असतं तर काय झालं असतं, अशी वाक्यरचना मी त्यांना फळ्यावर कितीदा दिली होती. उदाहरणं पुस्तकातली होती, पाऊस पडला असता तर पीक आलं असतं अशी, आणि ती त्यांनी घोकली होती. आता मात्र त्यांना ती रचना हवीच होती. त्या तासभर 'हॅड' आणि 'वुड हॅव' यांच्याशी झटत बसल्या आणि शेवटी जमलं तेव्हा थोरली म्हणाली, की मोठी माणसं सगळी ह्याच टेन्समध्ये भांडतात.  वर्गात विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी.

दोन घरांचं जमलं का, असं मला शाळेतल्या दुसऱ्या एका बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, मला माहीत नाही. आणि ते खरंच होतं. कूड होता तिथंच होता. थोरल्या जाऊबाई हळदीकुंकवाला धाकटीकडे गेल्या नाहीत, धाकट्याही त्यांच्याकडे गेल्या नाहीत. मी विचारणं सोडून दिलं. माझा पाठ संपला होता, परीक्षा तोंडावर होती. माझ्या हातून कुणाचं घर जुळावं असा माझा हेतूही नव्हता. मला नववीच्या पोरांनी एका गोष्टीवर मनापासून बोलावं एवढंच हवं होतं.

मार्चमध्ये शेवटचा एपिसोड करायचा ठरला. विषय ज्यानं त्यानं निवडायचा होता. या दोघींनी आपलं शेत निवडलं. त्यांच्याकडे हळद शिजवायला काढली होती, आणि उकडलेल्या हळदीचा वास इंग्रजीत सांगता येतो का, असं काहीतरी त्यांना करून बघायचं होतं. मोबाईल वडिलांचा. रविवारी त्यांनी शेतात रेकॉर्ड केलं आणि सोमवारी मला पाठवलं.

मधल्या सुट्टीत आम्ही तिघी ते ऐकायला बसलो. वाफेचा फुसफुसाट होता, कुठंतरी लांब कुत्रं भुंकत होतं. धाकट्या घरची वासाबद्दल बोलत होती, मातीसारखा पण मातीसारखा नाही, असं. तिच्या आवाजामागून, जरा लांबून, थोरल्या जाऊबाईंचा आवाज आला.

"ती ताडपत्री इकडं वढ की बाई, ऊन आलं."

आणि धाकट्या जाऊबाईंचा, "वढलीय. तुमचं ध्यान कुठं हाय?"

मग दोन्ही आवाज कुठल्या तरी पोत्यांबद्दल बोलत बोलत दूर गेले. मी मोबाईल थांबवला. वाटलं, या पोरींना म्हणावं, हे ऐकलं का? पण त्या दोघींचं लक्षच नव्हतं. आधीच्या वाक्यात 'स्मेल्स' म्हणायचं होतं की 'स्मेलिंग', यावरून त्यांची जुंपली होती. थोरली म्हणत होती, हळद काही स्वतः वास घेत नसते. धाकटी म्हणत होती, मग तूच बोलायचं होतंस. मी त्यांना काही सांगितलं नाही. बरोबर काय ते सांगितलं, आणि ते वाक्य परत बोला म्हणून मोबाईल त्यांच्याकडे दिला.